ज्येष्ठांचं घरच्या घरी पुनर्वसन: सांगली-मिरज भागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून लांबलांबहून, अगदी उत्तर कर्नाटकातूनही माणसं उपचाराला येतात. ऑपरेशन चांगलं होतं, टाके निघतात, गाडी करून पेशंट तासगावला, जतला, कवठेमहांकाळला घरी जातो, आणि खरी अडचण तिथून पुढं सुरू होते. खुबा बसवला, पण आजींनी चालायचं कसं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मी या भागात घरोघरी जाऊन ज्येष्ठांना फिजिओथेरपी देते. घरचे लोक जे प्रश्न दारातच विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

पुनर्वसन म्हणजे मालिश आणि शेक का?

नाही. शेकानं आणि मालिशनं थोडा वेळ बरं वाटतं, पण स्नायूत ताकद येत नाही आणि तोलही सुधारत नाही. पुनर्वसन म्हणजे माणसाची स्वतःची कामं त्याच्याकडून पुन्हा करून घेणं: कुशीवर वळणं, उठून बसणं, मोरीपर्यंत जाणं, लुगडं किंवा सदरा आपला आपण घालणं.

म्हणून पहिल्या भेटीत मी घरच्यांना थांबवून आधी पेशंटलाच विचारते, "तुम्हाला काय करायचंय?" एका आक्कांचं उत्तर होतं, "माझा चहा माझ्या हातानं." त्यांना नुसतं 'पाय वर करा, पाय खाली करा' सांगून उपयोग नव्हता. ओट्याला धरून उभं राहणं, मग एक हात सोडून उभं राहणं, डब्यासाठी बाजूला वळणं, सांडशीनं पातेलं धरणं असे टप्पे पाडले. कप घेऊन चालायचा धोका नको म्हणून ओट्याजवळच एक घट्ट खुर्ची ठेवली. चहा करायचा आणि तिथंच बसून प्यायचा. व्यायाम होत होता, पण त्यांच्या लेखी तो चहा होता.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. मग उठवायचं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणं, असा आपल्याकडं समज आहे. अगदी धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू कमी झाल्याचं दिसलं. आजारी माणसाची, ज्याचं जेवणही कमी झालंय त्याची, यापेक्षा जास्त झीज होते. शिवाय पडून राहिलं की कफ साठतो, शौचाला होत नाही, माकडहाडावर जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि वयस्कर माणूस दिवस-रात्रीचं भानही हरवतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशीच पेशंटला उभं करायचा प्रयत्न होतो. ते काम घरी आल्यावर थांबता कामा नये. मात्र एक गोष्ट सर्जनकडून स्पष्ट विचारून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: ऑपरेशनच्या पायावर पूर्ण वजन द्यायचं, थोडं द्यायचं, की पाय नुसता टेकवायचा? हे माहीत नसताना मी पेशंटला चालवत नाही, तुम्हीही चालवू नका.

उठवताना घाई नको. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं ब्लडप्रेशर २० नं किंवा खालचं १० नं उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. तसं दिसलं तर डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारा.

घरी केलेलं दवाखान्याइतकं चांगलं होतं का?

बऱ्याच बाबतीत हो, काही बाबतीत जास्तच चांगलं. दवाखान्याच्या गुळगुळीत पॅसेजमध्ये छान चालणारे आबा घरच्या उंबऱ्यावर अडखळतात. ज्या उंबऱ्यावर पाय अडकतो तिथंच सराव झाला पाहिजे. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी तयार झालेला व्यायामक्रम मुद्दाम घरीच करण्यासाठी आहे: आठवड्यातून तीनदा पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, शिवाय चालणं. त्यानं पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं चाचण्यांतून दिसलं आहे. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. घोट्याला बांधायची वजनं आणि धरायला घट्ट आधार असला की झालं.

पण पक्षाघाताचे पहिले दिवस, गिळायला त्रास, प्रेशर-साखर ताब्यात नसणं, जखम चिघळणं, अशा वेळी घरी नेण्याची घाई करू नका.

फिजिओ आठवड्यातून दोन-तीनदाच येतात. बाकीच्या दिवशी काय करायचं?

बाकीच्या दिवशी जे होतं तेच खरं पुनर्वसन. मी तासभर येते, उरलेला सगळा वेळ घरचा असतो. एकच व्यायाम करायचा असेल तर मी खुर्चीतून उठणं-बसणं निवडेन.

खुर्ची हाताची, घट्ट आणि भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागं सरकते. आजींना खुर्चीच्या पुढच्या कडेला येऊ द्या. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागं. आता पुढं वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि पायांवर जोर देऊन उठायचं. सुरुवातीला खुर्चीचे हात दाबले तरी चालतं. उभं राहून एक श्वास थांबायचं. मग पोटऱ्यांना खुर्चीची कड लागली की हळूहळू टेकायचं, धपकन बसायचं नाही. हळू बसण्यातही मांडीचा स्नायू काम करतो. पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की आठ, मग दहा. खुबा बदललेला असेल तर खुर्ची उंच घ्या आणि किती वाकायचं ते सर्जनला विचारून ठरवा.

आमच्या भागातली एक अडचण सांगते. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली, किंवा ऊसतोडीची टोळी आली, की घरातलं प्रत्येक माणूस रानात. मग आजींचा व्यायाम थांबतो आणि महिनाभरात कमावलेलं जातं. त्या दिवसांसाठी व्यायाम आधीच जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळांना जोडून टाका. सकाळची गोळी म्हणजे पाच उठबशा. शाळेतून आलेल्या नातवाला मोजायला बसवलं तर फारच छान.

किती दिवसांत पहिल्यासारखं होईल?

कोणी तारीख देत असेल तर विश्वास ठेवू नका. गुडघा बदलल्यावर बहुतेक जण काही आठवड्यांत वॉकर सोडून काठीवर येतात, पण पायाची पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष जातं. गुडघ्याखाली उशी घेऊन पडू नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. खुब्याचं हाड मोडलं असेल तर तीन ते सहा महिने धरून चाला. काही जण मोडण्याआधीच्या चालीवर पूर्ण परतत नाहीत, हे घरच्यांना आधी सांगितलेलं मला बरं वाटतं. पक्षाघातात सगळ्यात वेगानं सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही. 'आता सहा महिने झाले, आता काय व्हायचंय' असं म्हणून सोडून देऊ नका.

काठी कुठल्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. उंची मापायची तर पायात रोजची चप्पल घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे. खालचं रबर झिजलं असेल तर आजच बदला, ते मेडिकल दुकानात मिळतं.

जिना?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाबरोबर. सोबतचा माणूस चढताना मागं आणि उतरताना पुढं, एक पायरी खाली.

घरात काय काय बदलावं लागेल?

बांधकाम काढायची गरज क्वचितच पडते. आधी पलंग ते संडास हा रस्ता रात्रीच्या अंधारात स्वतः चालून बघा, बरंच कळेल. पायपुसणं, चार्जरची वायर, दारात काढलेल्या चपला, ओली शहाबादी फरशी: माणसं बहुतेक इथंच घसरतात. परसदारी संडास असेल तर पावसाळ्यात तिथवरच्या फरशीवर शेवाळं धरतं. ते आठवड्याला घासून काढा, आणि रात्रीसाठी खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा. संडासात आणि मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायची नळी आधाराला धरायला देऊ नका, ती उखडून येते. उंबरा काढायचा नसेल, आणि पुष्कळांना काढायचा नसतो, तर त्याच्या कडेला गडद पट्टा रंगवा आणि बाजूला धरायला दांडा लावा. पलंग इतका उंच हवा की बसल्यावर पाय पूर्ण टेकतील.

खाली पाटावर बसणं, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं गुडघा किंवा खुबा बदलल्यावर सहसा बंद करायला सांगतात. देवपूजा सोडायला लावू नका. देव्हारा टेबलाच्या उंचीवर आणा, पूजा खुर्चीत बसून होते.

पक्षाघात झालेल्या माणसाला सांभाळताना काय लक्षात ठेवू?

लुळा हात धरून कधीही उठवू नका. काखेत हात घालून वर ओढू नका. त्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि खांदा आपल्या जागेवरून खाली घसरतो. त्यानंतरची दुखणी महिनोन्महिने जात नाहीत. उठवायचं तर कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेला टॉवेल लावून तो धरा. बसलेले असताना तो हात उशीवर ठेवा, खाली लोंबू देऊ नका. कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना शेवटी.

जेवण नेहमी सरळ बसवून, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओला-घोगरा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. ठसका नसतानाही असं होऊ शकतं, म्हणून वारंवार ताप किंवा खोकला येत असेल तर डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत आग्रह करून भरवू नका.

जे पूर्णपणे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदला आणि रोज आंघोळ घालताना पाठ, माकडहाड आणि टाचा उजेडात बघा. दाबल्यावर न फिकटणारा लाल डाग दिसला की ती जखमेची सुरुवात समजा.

बोलता येत नसलं म्हणजे कळत नाही असं धरू नका. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'आता हे असंच राहणार' असं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते ऐकताना पेशंटच्या डोळ्यांत आलेलं पाणीही पाहिलं आहे. प्रश्न असा विचारा की मानेनं हो-नाही सांगता येईल, आणि उत्तराला वेळ द्या.

आई व्यायाम करायलाच तयार नाही. "मला त्रास देऊ नका" म्हणते.

आई आळशी नाही, हे आधी धरून चाला. कारण शोधा. दुखत असेल तर दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. पुन्हा पडण्याची भीती असेल तर ती बोलून दाखवली जात नाही, फक्त पाय उचलला जात नाही. अशा वेळी पहिले दोन दिवस नुसतं आधार धरून उभं राहणं पुरे. चष्मा धूसर झालाय का, कानाचं यंत्र बंद आहे का, तेही पाहा. भूक नाही, झोप नाही, नातवंडांकडंही लक्ष नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. त्याला 'वय झालं' म्हणून सोडू नका.

आणखी एक कारण असतं, ते घरच्यांना सांगताना मला जपून बोलावं लागतं. माया. आपल्याकडं आजारी आईला हातात ताट देणं, केस विंचरून देणं, पाण्याचा तांब्या तोंडाशी धरणं, ही सेवा मानली जाते. तीच सेवा तिचे हात बंद पाडते. तिला दहा मिनिटं लागली तरी पदर तिलाच घेऊ द्या. तुम्ही बाजूला उभे राहा, हात पुढं करायची घाई करू नका. ते बघत उभं राहणं फार अवघड असतं, हे मला माहीत आहे.

खायला काय द्यायचं?

या वयात दर किलो वजनामागं दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६०. चहा-चपाती आणि संध्याकाळी दूध-भाकरी एवढ्यावर ते भागत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तितकीच. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी, खात असतील तर मासे-चिकन, असं तिन्ही वेळच्या ताटात काहीतरी असू द्या. कवळी सैल झाल्यामुळं उसळ चावता येत नसेल तर ती ठेचून द्या आणि कवळीही दाखवून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

कोणत्या लक्षणांना थांबायचं नाही?

एक पोटरी अचानक सुजून दुखणं, एकदम दम लागणं, छातीत दुखणं, जखमेतून पू किंवा ताप, एका दिवसात सुरू झालेला गोंधळ-बरळणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार. सुजलेली पोटरी चोळू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड यांपैकी एकही दिसलं तर तो पक्षाघात असू शकतो, १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जतसारख्या लांबच्या तालुक्यातून यायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो. फॅमिली डॉक्टरांची वाट बघत बसू नका.

खर्चाचं काय? सरकारी मदत मिळते का?

७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. पण ते दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या फिजिओची फी त्यात धरू नका. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

रोज घरी बोलावणं परवडत नसेल तर मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत दाखवून व्यायाम शिकून घ्या आणि घरी करा. कराडलाही फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. घरी येणाऱ्या माणसाकडं फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मोडलेलं हाड चोळून बसवणाऱ्याकडं आजींना नेऊ नका.

सांभाळणारीचं काय?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच इथं घातला आहे. बहुतेक घरांत सगळा भार एका सुनेवर किंवा लेकीवर असतो, आणि महिनाभरात तिची कंबर धरते. उचलताना कमरेतून वाकू नका. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, पेशंटला अंगाजवळ घेऊन उठवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रीची एक पाळी घरातल्या पुरुषानं घ्यावी. कमोडचं भांडं उचलणं हे बाईचंच काम आहे, असं कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं.

नदीकाठी राहतो. पुराच्या वेळी अंथरुणावरच्या माणसाचं काय करायचं?

२०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. चालत्या माणसांनी ४० ची वाट बघितली तरी एकवेळ चालेल, पण खिळलेल्या माणसाला त्याच्या आधीच, गाडी दारापर्यंत येते तोवर हलवा. होडीत अशा माणसाला चढवणं फार धोक्याचं असतं. पावसाळ्याआधीच कुठल्या नातेवाइकाकडं जायचं ते ठरवा, त्यांच्याकडं संडास कसा आहे ते विचारा, आणि ग्रामपंचायतीत किंवा वॉर्डात कळवून ठेवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या, डिस्चार्ज कार्ड आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. वॉकर आणि कमोडची खुर्ची बरोबर न्यायला विसरू नका. दुसऱ्याच्या घरी त्यांचीच जास्त गरज पडते.

फिजिओच्या पहिल्या भेटीआधी काय तयार ठेवू?

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे किंवा स्कॅन, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्याही. रोजची चप्पल, चष्मा, असलेली काठी. भेट जेवणानंतर लगेच ठेवू नका. पेशंटला सैल पायजमा किंवा गाऊन घालून ठेवा, गुडघा बघता आला पाहिजे. आणि मी यायच्या आधी आजींना खुर्चीत आणून बसवू नका. त्या पलंगावरून कशा उठतात, तेच मला पहिल्यांदा बघायचं असतं.